मॉडेल जहाजाच्या हलमधलं सीलंट आणि बॅलास्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः पाण्यात चालणाऱ्या, साधारण ६० सेंटिमीटर ते दीड मीटर लांबीच्या लाकडी मॉडेलांसाठी आहेत. रेडिओ कंट्रोलवर जहाज चालवणारे हौशी लोक आणि एनसीसीच्या नौदल विभागात शिप मॉडेलिंगच्या स्पर्धेला उतरणारे कॅडेट हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सीलंट म्हणजे हलला, म्हणजे जहाजाच्या धडाला, पाणी अडवण्यासाठी दिलेला लेप; बॅलास्ट म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी ठेवलेलं वजन. हे दोन वेगळे विषय समजले जातात, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. सीलंटलाही वजन असतं. ते वॉटरलाइनच्या, म्हणजे हल पाण्यात जिथवर बसतो त्या रेषेच्या, वर जितकं जास्त बसेल, तितकं तळाशी शिसं वाढवावं लागतं.

हल बाहेरून नीट रंगवला आहे. मग आतून सील करायची गरज काय?

पाणी बाहेरूनच झिरपेल असं कोणी सांगितलं? चालत्या मॉडेलमध्ये ते पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टच्या नळीतून येतं, सुकाणूच्या दांड्यालगत येतं, लाट डेकवर चढली की झाकणाच्या फटीतून येतं. आलेलं पाणी तळाशी साचून राहतं. तिथलं लाकूड कोरं असेल तर ते पाणी पितं, फुगतं आणि बाहेरचा रंग आतून उचलला जातो. बाल्सा हे हलकं लाकूड तर भरपूर पाणी शोषतं.

दुसरं कारण हवेतल्या दमटपणाचं. लाकडाची एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असली की पट्टी वाकते. डिसेंबरात पुण्यात बनवलेला हल जुलैमध्ये बाहेर काढला की पट्ट्यांच्या रेषा रंगावर उमटलेल्या दिसतात, त्या यामुळेच. दोन्ही बाजू सारख्याच बंद हव्यात.

मग आत नक्की काय लावायचं?

पातळ इपॉक्सी रेझिन. बाकीचे पर्याय पुढे येतीलच, पण लाकडी हलला माझं उत्तर हेच.

आपल्याकडे लॅपॉक्स एल-१२ आणि के-६ हार्डनर ही जोडी सहज मिळते. प्रमाण वजनाने १०० ला १०, म्हणजे ५० ग्रॅम रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर. हे वजनाचं प्रमाण आहे. चमच्याने किंवा झाकणाने मोजू नका, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. दुसऱ्या कंपनीची जोडी असेल तर डब्यावर छापलेलं प्रमाण पाळा. मिसळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा, नाहीतर कडेला चिकटलेलं कच्चं रेझिन शेवटच्या ब्रशबरोबर हलमध्ये जातं आणि तेवढाच पट्टा कायम चिकट राहतो. मिसळून झालं की पसरट ताटलीत ओता. उभ्या कपात रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं. मे महिन्यात तर कपातून धूर निघायला लागेपर्यंत पाळी येते.

ब्रश स्वस्तातला घ्या आणि त्याचे केस अर्धे कापून आखूड करा, म्हणजे घासून लावता येतं. पहिला हात लाकडात मुरू द्या. थोड्या वेळाने टॉर्च मारून बघा. पट्ट्यांची टोकं आणि फ्रेमच्या (हलच्या आडव्या बरगड्यांच्या) कापलेल्या कडा फिक्या, कोरड्या दिसतील, कारण तिथलं लाकूड जास्त पितं. तेवढ्याच जागी पुन्हा लावा. फ्रेम आणि तळ यांच्या कोपऱ्यांत रेझिनचं डबकं साचतं, ते जुन्या सुती कापडाने टिपून घ्या.

आता वजनाचं. मीटरभर लांबीच्या हलचा आतला भाग साधारण तीन दशांश चौरस मीटर धरू. पातळ हात दिला तर ४०-५० ग्रॅम रेझिन बसतं. डबा उपडा करून हल फिरवत "सगळीकडे पोचू दे" म्हणणारे लोक तिथेच ३००-४०० ग्रॅम घालून बसतात, आणि त्यातलं बरंचसं बाजूच्या भिंतींवर, म्हणजे नको तिथे. रेझिनच्या आधी आणि नंतर हल काट्यावर ठेवून आकडे लिहून ठेवा.

सील कधी करायचं? डेक बसवल्यावर की आधी?

आधी. मोटरचा पाया, शाफ्टची नळी, सुकाणूची नळी पक्की बसली की लगेच. त्याच्याही आधी प्रत्येक फ्रेमच्या तळाशी, मधोमध, पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवा. आत आलेलं पाणी त्या भोकांतून एका जागी जमतं आणि तिथून सिरिंजने ओढून घेता येतं. भोकं नसतील तर प्रत्येक कप्प्यात वेगळं तळं होतं. डेकची खालची बाजूही विसरू नका. ती बसवण्यापूर्वी टेबलावरच रंगवून घ्यावी.

फेव्हिकॉल, वॉर्निश किंवा सँडिंग सीलर चालेल का?

साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात भिजला की पुन्हा मऊ पडतो. जोडकामाला वापरायचाच असेल तर पाण्यात टिकणारा प्रकार घ्या, पण थर म्हणून कुठलाच नको. फर्निचरचं सँडिंग सीलर रंगाखाली लाकूड गुळगुळीत करायला उत्तम. साचलेल्या पाण्याखाली ते टिकत नाही. शिवाय त्यावर इपॉक्सी लावली तर ती लाकडात मुरत नाही, नुसती वर बसते. वॉर्निश डेकच्या खालच्या बाजूला चालून जातं.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं. ते घेऊ?

साच्यातून पूर्ण फायबरचा हल काढायचा असेल तर घ्या. लाकडावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते, आणि सुकताना ते आकसतं. थर्माकोलचा गाभा असेल तर त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पॉलिएस्टरबरोबर कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचं कॅटलिस्ट अशा दोन बाटल्या येतात. त्या दोन्ही कधीही एकमेकांत थेट मिसळायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळायची, मगच दुसरी.

गळती दिसली की सिलिकॉन भरलं तर?

नका भरू. खिडकीच्या काचेला लावतात त्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि एकदा ते लागलं की त्या जागी नंतर इपॉक्सीही धरत नाही. खरवडून काढलं तरी त्याचा तेलकट अंश राहतोच. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं, आणि बंद हलमध्ये ते शिशाला आणि वायरिंगच्या तांब्याला लागतं. शाफ्टच्या नळीभोवती किंवा सुकाणूच्या बुडाशी गळत असेल तर जागा कोरडी करून, सँडपेपरने घासून एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी दाबा.

नळीच्या *आतून* पाणी येत असेल तर पुटीचा उपयोग नाही. तिथे ग्रीस भरतात. आणि सुकाणूच्या नळीचं वरचं टोक वॉटरलाइनच्या वर ठेवलं तर तिथून पाणी येण्याचा प्रश्नच उरत नाही.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग? डांबर?

दोन्ही जाड, जड आणि मऊ. त्यांच्यावर बॅटरीचा ट्रे, मोटर काहीही पक्कं बसत नाही. कोकणातल्या होड्यांना चालतं ते आपल्या चार मिलिमीटरच्या भिंतीला चालेलच असं नाही.

फायबरग्लासचं कापड आतून लावायचं की बाहेरून?

बाहेरून, एकच पातळ थर. आतून फक्त कण्याच्या (तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब तुळईच्या) दोन्ही बाजूंना आणि नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) सांध्यावर दोन बोटं रुंदीची पट्टी. बाकी आत नुसतं रेझिन पुरे.

लाकडाच्या पट्ट्या मध्ये आणि दोन्हीकडून फायबर, ही रीत खऱ्या नौकांचीही आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली आणि २००९ मध्ये नौदलात आलेली 'म्हादेई' अशीच आहे, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास. तिने पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. आपल्याला तळ्याची फेरी मारायची आहे, तेव्हा आत जाड मॅट थापायची गरज नाही.

पावसाळ्यात रेझिन चिकट राहतं. हार्डनर वाढवू का?

अजिबात नाही. जास्तीचा हार्डनर रेझिनमध्ये तसाच अडकून राहतो आणि थर कायमचा मऊ राहतो.

चिकटपणा दोन प्रकारचा असतो, तो आधी ओळखा. खाली कडक आणि वर मेणचट, तेलकट पापुद्रा असेल तर तो दमट हवेमुळे आलेला असतो. कोमट पाणी, थोडं भांड्यांचं साबण आणि स्क्रबरने तो निघतो. धुतल्याशिवाय त्यावर दुसरा हात देऊ नका, नाहीतर नंतर तो सालासारखा सुटतो. पण नख दाबल्यावर ते आत रुतत असेल तर मोजमाप किंवा मिसळणं चुकलेलं आहे. तो भाग खरवडून काढण्याला पर्याय नाही. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये सीलिंगचं काम दुपारी, पंखा बंद ठेवून आणि पिवळा बल्ब लावून कोरड्या केलेल्या खोलीत करावं.

थ्रीडी प्रिंट केलेल्या हलचं काय?

थरांच्या मधून पाणी झिरपतं, हे गृहीत धरा. आतून इपॉक्सीचा एक हात द्या. पीएलए हे प्रिंटिंगचं प्लास्टिक असेल तर हल ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. तळाशी शिसं ठेवून एप्रिलमध्ये बंद गाडीत सोडलात तर हल वाकलेला मिळेल.

बॅलास्ट किती लागेल, हे आधी कळतं का?

कळतं, आणि ते आधी काढणं हाच खरा फायदा. खऱ्या जहाजाचं विस्थापन, म्हणजे ते बाजूला सारतं त्या पाण्याचं, पर्यायाने जहाजाचंच वजन घ्या आणि स्केलच्या (१:२०० असेल तर २०० च्या) घनाने भागा. जुनी आयएनएस विक्रांत, जी २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, ती पूर्ण भारासह सुमारे १९,५०० टनांची आणि २१३ मीटर लांब. १:२०० ला मॉडेल एक मीटरच्या जरा वर, आणि वजन १९,५०० टन भागिले ८० लाख, म्हणजे जवळपास अडीच किलो. तेच जहाज १:१०० ला केलं तर लांबी दुप्पट, पण वजन आठपट, साडेएकोणीस किलो. लांबी दुप्पट म्हणजे वजनही दुप्पट, असं धरून बसणारे लोक गाडीच्या डिकीपाशी पोचल्यावर शहाणे होतात.

खऱ्या जहाजाचा आकडा नसेल तर वॉटरलाइनवरची लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) सेंटिमीटरमध्ये गुणा, आणि आकाराच्या गुणांकाने पुन्हा गुणा. बारीक युद्धनौकेला तो ०.५ च्या आसपास धरा, पोटाळ मालवाहू जहाजाला ०.७ ते ०.८. समजा १०० × १५ × ५ × ०.५. उत्तर ३,७५० ग्रॅम. हे मॉडेलचं *एकूण* वजन. त्यातून हल, मोटर, बॅटरी, डेक, वरचं सगळं बांधकाम वजा केलं की उरतं ते बॅलास्ट.

उत्तर ऋण आलं तर? म्हणजे मॉडेल आधीच जड झालंय. बहुतेक वेळा वरचं बांधकाम जाड प्लायचं केलेलं असतं, आणि आत रेझिन ओतलेलं असतं. तिथे बॅलास्टचा प्रश्न उरत नाही, वरचं बांधकाम पातळ प्लास्टिक शीटमध्ये पुन्हा करावं लागतं.

शिसं, लोखंड की वाळू?

शक्य तिथे शिसं, कारण ते कमी जागेत खाली बसतं. घट्ट शिशाचा एक किलो ९० घनसेंटिमीटरच्या आतच मावतो. छर्रे असतील तर मधल्या पोकळ्या धरून दीडशे. लोखंड घट्ट असेल तर १२७, आणि वाळूला सहाशेच्या पुढे जागा लागते. वाळू इतकी वर येते की वजन टाकूनही स्थैर्य फारसं वाढत नाही, आणि ती ओली झाली की आणखी वाईट. प्लास्टर ऑफ पॅरिसही नको, ते पाणी धरून ठेवतं. उघडं लोखंड गंजून फुगतं. वापरायचंच तर रंगवून, पिशवीत बंद करून.

शिसं कुठून आणायचं? मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला लावायचं शिसं मिळतं. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगच्या चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या फार सोयीच्या; आजकाल त्यांतल्या बऱ्याच पोलादी असतात, तेव्हा चुंबक लावून बघा. जुनी बॅटरी फोडून शिसं काढण्याच्या फंदात पडू नका. त्यात ॲसिड आहे आणि विषारी पूड आहे.

बॅटरी हेही बॅलास्टच. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी दोन किलोच्या जरा वर भरते. हलकी लिथियम बॅटरी टाकून नंतर तेवढंच शिसं विकत आणणारे पाहिले की गंमत वाटते.

शिशाचे छर्रे फेव्हिकॉलमध्ये कालवून तळाशी ओतले तर पक्के बसतील ना?

बसतील, आणि काही वर्षांनी हल फोडतील. ही अतिशयोक्ती नाही. पांढऱ्या फेव्हिकॉलच्या जातीच्या गोंदातून ॲसेटिक ॲसिडचा अंश सुटत राहतो. त्याने शिसं गंजतं, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि तिचं आकारमान मूळ शिशापेक्षा जास्त असतं. बंद जागेत ती फुगते आणि भिंती ढकलते. रेल्वे मॉडेलवाल्यांची इंजिनं अशीच आतून फुटलेली आहेत. सागासारखं लाकूड बरं, ओकमधून मात्र असंच ॲसिड निघतं, त्यामुळे परदेशी किटमध्ये ओक असेल तर शिसं त्याला उघडं टेकवू नका.

छर्रे बसवायचेच असतील तर इपॉक्सीत. त्याहून चांगलं, जाड प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत भरून सील करा.

वजन कुठे ठेवायचं आणि पाण्यात चाचणी कशी करायची?

मीटरभर मॉडेलला घरची बादली पुरत नाही. गच्चीवर विटांची एक-दोन रांगांची चौकट लावा, त्यावर ताडपत्री अंथरा, पाणी भरा. मुलांचा फुगवायचा पूल असेल तर प्रश्नच मिटला. सगळं सामान, अगदी मास्ट आणि झाकणंसुद्धा, जागेवर ठेवून जहाज पाण्यात सोडा. मग शिसं आधी मध्यभागी, कण्यालगत ठेवत जा. मॉडेल वॉटरलाइनच्या जवळ बसलं की थोड्या पिशव्या पुढेमागे सरकवून नाळ आणि मागची बाजू जुळवा. डावीउजवीकडचा कल सर्वात शेवटी. नाळेच्या टोकाशी आणि मागच्या टोकाशी मोठी वजनं ठेवू नका, लाटेवर मॉडेल मान टाकतं. समाधान झालं की प्रत्येक पिशवीची जागा पेन्सिलने आखा आणि फोटो काढा.

जहाज सरळ उभं राहतं, पण वळण घेताना भीती वाटेल इतकं कलतं.

गुरुत्वमध्य वर आहे. किती वर, ते मोजता येतं. मॉडेल ८ किलोचं असेल तर १०० ग्रॅमचं वजन डेकवर मधोमध ठेवा आणि मग १५ सेंटिमीटर बाजूला सरकवा. मास्टला ३० सेंटिमीटर दोऱ्याचा ओळंबा बांधला असेल आणि तो २.६ सेंटिमीटर सरकला, तर कल ५ अंश. सरकवलेलं वजन गुणिले अंतर, भागिले एकूण वजन गुणिले ओळंब्याचं प्रमाण (२.६ भागिले ३०): (१०० × १५) भागिले (८,००० × ०.०८७), म्हणजे २.२ सेंटिमीटर. जहाजवाले याला मेटासेंट्रिक उंची म्हणतात. एवढ्या मॉडेलला दोन सेंटिमीटर छान. अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली गेली तर तळ्यावर नेऊ नका.

पण दरवेळी तळाला शिसं वाढवून भागत नाही, कारण जहाज खाली बसतं. स्वीडनचं 'वासा' १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं. तळाशी सुमारे १२० टन दगड होते. वर तोफांचे दोन मजले. वाऱ्याने ते कललं आणि खालच्या रांगेच्या तोफांच्या दारांतून पाणी आत आलं. आणखी दगड भरले असते तर तीच दारं पाण्याच्या आणखी जवळ आली असती. मॉडेललाही हाच नियम: आधी वरचं वजन उतरवा, मग खालचं वाढवा.

आत दोन-चार कप पाणी हिंदकळत असेल तरी असाच कल येतो. झाकण उघडून बघा.

उलट, माझं जहाज फार झटक्याने डुलतं. खेळण्यासारखं दिसतं.

शिसं गरजेपेक्षा खाली आहे. स्केलच्या वर्गमुळाने वेळ आटतो: खरं जहाज एका डुलण्याला १२ सेकंद घेत असेल तर १:१०० मॉडेलला १.२ सेकंद हवेत. तुमचं अर्ध्या सेकंदात परत येत असेल तर थोडं वजन तळावरून उचलून बाजूच्या भिंतींकडे सरकवा. फोटोत आणि व्हिडिओत फरक लगेच दिसतो.

मला शिडाचं गलबत करायचंय. आतलं बॅलास्ट पुरेल?

पुरणार नाही. गलबताचा ड्राफ्ट मुळात कमी, शीड मोठं. त्यात वारा तुमच्या स्केलने लहान होत नाही. शिडावरचा उलटवणारा जोर स्केलच्या घनाने कमी होतो, पण सरळ करणारा जोर चौथ्या घाताने. १:२० ला दुसरी बाजू वीसपट कमजोर पडते. म्हणून कण्याखाली पातळ पातं आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा लावतात, दोन स्क्रूंनी काढता येणारा. दिवाणखान्यात ठेवताना काढायचा. स्क्रूसाठी हलच्या आत पितळी नट इपॉक्सीत बसवून ठेवा, आणि हे काम सीलिंगच्या आधीच.

वजन शेवटी कायमचं चिकटवून टाकू का?

नऊ-दशांश तरी सुटं ठेवा. मोटर बदलते, बॅटरी बदलते, आणि वीस किलोचं जहाज जिन्यावरून उतरवताना शिसं वेगळं नेता येतं. सुटं म्हणजे घरंगळणारं नाही. फ्रेमच्या मध्ये घट्ट बसेल अशा ट्रेमध्ये ठेवून वेल्क्रोने आवळा.

पाणी भरलंच तर बुडू नये म्हणून?

नाळेत आणि मागच्या टोकाला फोम भरा. पाच किलो शिसं पाण्याखाली साडेचार किलो भरतं, त्यात मोटर-बॅटरीचे दीड-दोन धरा. म्हणजे तरंगत ठेवायला सहा लिटरच्या आसपास फोम. तेवढी जागा नसेल तर डेकखाली कॉर्कच्या तुकड्याला बांधलेली मासेमारीची दोरी तळ्याच्या खोलीपेक्षा लांब ठेवा. जहाज सापडतं.

शोकेसमधल्या मॉडेलला यातलं काय लागतं?

आतून एक हात रेझिन, दमटपणासाठी. बॅलास्ट नको. बंद काचेच्या पेटीत तर शिसं मुद्दाम टाळाच.

तळ्यात जमलेलं बॅलास्ट खाडीत चालेल?

समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. आठ किलोचं मॉडेल जुन्या वॉटरलाइनवर आणायला २०० ग्रॅम जास्त लागतात. एक जादा पिशवी ठेवा. परत आल्यावर आतून गोड्या पाण्याने धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळवा.

शिसं हाताळताना काही काळजी?

हातमोजे घाला, कापताना पूड उडवू नका, काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका. लहान मुलांना त्या टेबलापासून लांब ठेवा. घरी वितळवू नका: शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि साचा जरासा ओला असला तरी अंगावर उडतं. पट्ट्या आणि छर्रे यांतून जे वजन जुळत नाही, ते शिशाच्या पत्र्याचे कात्रीने कापलेले तुकडे घालून जुळवा.